चक्रीतली काळी कडी

वाटाड्या कोल्बी रस्कने रिव्हॉल्व्हर टेबलावर असं आपटलं, की ड्वेनची कॉफी सांडली.

"त्या म्हातारीनं फसवलंय मला!" तो ओरडला. "सोमवारी पाहुण्यांना घेऊन अस्वलांच्या नदीवर जायचंय, आणि ह्यात काडतूसच बसत नाही!"

पोलिसातून निवृत्त झालेली वर्ना स्टोक्स अलास्काच्या त्या किनाऱ्यावर खासगी तपास करायची. ड्वेन तिचा सोबती. विमान चालवण्यात पटाईत, बाकी बाबतीत जरा सावकाश.

"नावाजलेला वाटाड्या अर्विद हॉगन, त्याचं म्हणून दुप्पट किंमत मोजली," कोल्बी म्हणाला. "तीस पावलांवरून, अंगणात धावत जाऊन तीन गोळ्यांत अस्वल लोळवलं ते हेच म्हणे. छे! त्याचं खरं रिव्हॉल्व्हर वेगळंच असणार. त्याची विधवा थेल्मा ठग आहे, हे उद्या गावभर सांगतो."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे रे ती. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही तिला," वर्ना म्हणाली. "आधी मला बघू दे."

तिने रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरायची चक्री उघडली. कोल्बीचं लांब, जड काडतूस जवळजवळ पूर्ण आत गेलं आणि अडलं. वर्नाने चक्री खिडकीकडे धरली.

"काय दिसतं, ड्वेन?"

"घाण."

"सहाही घरांत, एकाच अंतरावर, काळी कडी. घाण इतकी शिस्तीत बसते होय?"

ड्वेनने रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिलं. मुठीचं लाकूड कुणीतरी चाकूने तासून बारीक केलं होतं. त्याची करंगळी बाहेरच लोंबत राहिली.

तिथून ते मर्लच्या जुन्या बंदुकांच्या दुकानात गेले. हा सौदा त्यानेच जुळवला होता.

"बदललंबिदललं नाहीस ना रे?" वर्नाने विचारलं.

"माझ्यावर संशय घेतेस?" मर्लने जुनी वही पुढे सरकवली. "नंबर जुळवून बघ. चाळीस वर्षांपूर्वी मीच विकलं अर्विदला. सोबत सगळ्यात जड काडतुसांचा एक डबा. तो डबा परवा थेल्मानं परत आणला, एकच काडतूस कमी."

"एकच? आणि हलकी काडतुसं कोण न्यायचं?"

"थेल्मा. हलकी काडतुसं आखूड असतात, पण ह्याच घरांत बसतात. अर्विदला रिकाम्या डब्यांवर नेम धरायला लागतात म्हणायची. दर हिवाळ्यात न्यायची."

"अर्विदचा हात केवढा होता?"

"दुकानातला सगळ्यात मोठा हातमोजासुद्धा त्याला घट्ट व्हायचा."

थेल्मा हॉगनने दार उघडलं. ती ड्वेनच्या छातीलाही लागत नव्हती. कोल्बी फुरंगटून कोपऱ्यात उभा राहिला. ड्वेन मात्र दारातच आ वासून थबकला. समोरची अख्खी भिंत एका अस्वलाच्या कातड्याने व्यापली होती. एकेक पंजा जेवणाच्या ताटाएवढा.

वर्नाने कातड्याची हनुवटी उचलली. खाली तळहाताएवढ्या जागेत तीन भोकं होती आणि भोवतालचे केस जळालेले होते.

शेजारी एक फोटो होता. कुबड्यांवर उभा अर्विद, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, मागे हेच कातडं वाळत घातलेलं.

"अस्वलानं मोडला पाय?" ड्वेनने विचारलं.

"नाही, छपरावरून पडला होता. अस्वल आलं त्याच्या तीन आठवडे आधी," थेल्मा म्हणाली, आणि लगबगीने ब्लूबेरीचा केक कापायला लागली.

वर्ना खुर्चीत बसली.

"कोल्बी, रिव्हॉल्व्हर अस्सल आहे. खोटी आहे ती गोष्ट. आखूड काडतूस उडालं की त्याच्या टोकापुढे काजळी धरते. वर्षानुवर्षं तेच उडवलं की तिची कडी होते, आणि लांब काडतूस तिथे अडतं. पितळी ब्रशनं घास, निघून जाईल. म्हणजे ह्यातून कायम हलकीच उडाली. जड फक्त एक. कुणाच्या तरी मनगटाला त्या एकाचाच धक्का पुरे झाला."

"म्हणजे अर्विद हलकी वापरायचा?" ड्वेन म्हणाला.

"अरे, ती मूठ तुझ्या हातात मावेना, त्याच्या कुठली मावणार? मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला माणूस अंगणात धावत नाही. तीस पावलांवरून केस जळत नाहीत. हलक्या गोळीनं एवढं जनावर पाडायचं, तर नळी हनुवटीला टेकवावी लागते. खालून वर. गोळी झाडणारं माणूस ठेंगणं होतं, आणि ते अस्वलाच्या तोंडाखाली उभं होतं."

ड्वेनने थेल्माच्या हातांकडे पाहिलं, मग त्या पंजाकडे. असं काही आपण जन्मात ऐकलं नव्हतं, एवढंच त्याच्या मनात आलं.

थेल्माने सुरी खाली ठेवली.

"वाटाड्याला बायकोनं वाचवलं म्हटल्यावर कोण पाहुणा आला असता त्याच्याकडे? अर्विद सांगायला निघाला होता. मीच शपथ घातली. मग दर हिवाळ्यात सराव करत राहिले, पुन्हा एखादं आलं तर म्हणून. आता मनगटं गेली, म्हणून विकलं. त्या गोष्टीपायी जास्तीचे पैसे घेतलेत, ते परत देते."

कोल्बीने टोपी काढली. पैशांचं त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

"मिसेस हॉगन," तो हलकेच म्हणाला, "तुम्ही पळून कशा गेला नाहीत?"

"अस्वल पुढच्या दारात होतं, मागचं दार उघडंच होतं की. अर्विद पलंगावरून सारखा ओरडत होता, 'थेल्मा, तू पळ! मागच्या दारानं पळ!'" तिने सुरी पुन्हा उचलली. "आयुष्यभर त्याचं ऐकलं मी. तेवढं एकदाच ऐकलं नाही."