दामूआजोबांचे विराम

ही घटना खरी आहे. माझी मैत्रीण मृण्मयी हिच्या बाबतीत घडलेली.

आम्ही दोघी इथे नेदरलँड्समध्ये एकत्र शिकलो. विषय ध्वनिशास्त्र. आवाज कुठून येतो ते शोधून काढणं हेच आमचं काम, त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी आम्ही हसण्यावारी न्यायचो. तिने जसं सांगितलं तसंच लिहितेय. पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. गाव नीउ-व्हेनेप. विमानतळावर उतरणारी विमानं ज्याच्या डोक्यावरून जातात ते.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची होती.

त्या दिवशी दामोदर टिपणीस यांचा पहिला स्मृतिदिन होता. टीव्ही कृष्णधवल होता त्या काळात मराठीत विज्ञानकथा आणि भयकथा टीव्हीवर आणणारे ते अगदी सुरुवातीचे लेखक. त्यांच्या मालिकेच्या एका भागात बंद पडलेली लिफ्ट रोज एका मजल्यावर आपोआप थांबते. माझ्या आईला तो भाग पाहिल्यापासून आजही लिफ्टमध्ये एकटीने जाववत नाही.

दामोदररावांची काम करायची एक पद्धत होती. ते हाताने लिहायचे नाहीत. खोलीत जाऊन दार लावायचे, कॅसेट रेकॉर्डर सुरू करायचे, थोडा वेळ गप्प बसायचे आणि मग अख्खा भाग तोंडी सांगायचे. नंतर कोणीतरी तो टाइप करायचं.

सांगताना ते मध्येच थांबायचे. लांब, अंगावर काटा आणणारे विराम. नटसुद्धा त्यांची नक्कल करायचे म्हणे.

मूळ मालिका आता उरलेली नाही. त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरायचे. उरल्या त्या एवढ्याच, तोंडी सांगितलेल्या कॅसेट.

मृण्मयी त्यांची पुण्यातली शेजारीण. ती त्यांना दामूआजोबा म्हणायची. लहानपणी सुट्टीत ते तिच्याशी एक खेळ खेळायचे. बंद खोलीत दोघांनी गप्प बसायचं आणि शांतता ऐकायची.

"काय ऐकू आलं?"

"पंखा."

"आणि?"

"कबुतर."

"आणि?"

"काही नाही, आजोबा."

"बरं. लक्षात ठेव, भूत नसतं. आवाज असतो. आणि प्रत्येक आवाजाला कारण असतं."

या एका वाक्यावर मृण्मयी ध्वनिशास्त्राकडे वळली. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तेच वाक्य आहे. म्हातारपणी आजोबा मुलाकडे, शिरीषकाकांकडे, नीउ-व्हेनेपला राहायला आले, तेव्हा ही आपल्या गावाहून, ब्रेडाहून, ट्रेनने त्यांना भेटायला जायची. दोघं हसत हसत तोच खेळ खेळायचे.

स्मृतिदिनाला तेच वाक्य सांगून ती भाषणाचा शेवट करणार होती. त्याआधी आजोबांच्या आवाजातली एक कॅसेट ऐकवायची होती. ती साफ करायचं काम शिरीषकाकांनी तिलाच दिलं.

"तुझ्याइतकं नीट कोण करणार?" काका म्हणाले होते.

ती सकाळीच पोहोचली. वरच्या मजल्यावर आजोबांच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली.

जुन्या कॅसेटमध्ये सतत एक खरखर असते. ती काढायला सॉफ्टवेअरला नुसत्या शांततेचा नमुना द्यावा लागतो. तो नमुना आवाजातून वजा झाला की माणूस स्वच्छ ऐकू येतो. आजोबा बोलण्याआधी गप्प बसायचे, त्यामुळे नमुना आयताच मिळाला.

खरखर गेली. आजोबांचा आवाज असा आला, जणू ते शेजारच्या खुर्चीत बसलेत.

तिचे डोळे भरून आले.

आता आम्हाला शिकवलेली एक सवय सांगते. साफ करून झालं की काढून टाकलेला कचराही ऐकायचा. चुकून काही कामाचं गेलं नाही ना, हे तपासायला. त्यात नुसती खरखर हवी.

तिने हेडफोन लावले.

खरखर...

खरखर...

आणि त्या खरखरीत कोणीतरी बोलत होतं.

मुलीचा आवाज. फार तर चौदा-पंधरा वर्षांची असेल.

मृण्मयी घाबरली नाही. उलट ती खूश झाली. कॅसेटची फीत गुंडाळलेली असते, एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो, म्हणून कधीकधी शब्द उच्चारायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, प्रत्यक्षात कधी ऐकलेलं नव्हतं.

पण ती सावली बोलणाऱ्याच्याच आवाजात असायला हवी.

मग कॅसेटवर आधीचं काही रेकॉर्डिंग असेल? पुसल्यावर उरलेलं?

तिने साफ केलेली आणि कचऱ्याची, अशा दोन्ही फाइल एकत्र लावल्या.

आजोबा थांबले.

मुलगी म्हणाली, "लिफ्टचं दार उघडतं. आत कोणी नाही."

मग आजोबांचा भारदस्त आवाज. "लिफ्टचं दार उघडतं... आत कोणी नाही."

पुन्हा विराम.

पुन्हा ती मुलगी.

पुन्हा आजोबा.

ते विचार करायला थांबत नव्हते. ते ऐकत होते.

डोक्यावरून विमानं जायची बंद झाली होती. कधीपासून, ते तिला सांगता येईना. मागे खोलीचं दार लागलं. हळूच. वारा नव्हता. खिडकी बंद होती.

ती दार ढकलून खाली आली.

मृदुलाकाकू, म्हणजे शिरीषकाकांची बायको, कार्यक्रमासाठी बटाटेवडे तळत होत्या.

"काकू, आजोबा भाग सांगायचे तेव्हा खोलीत कोण असायचं?"

"कोणी नाही गं. दार तर बंद असायचं."

"मग ती मुलगी कोण?"

झारा कढईतच थांबला. कोणती मुलगी, असं काकूंनी विचारलं नाही. मान वळवून त्यांनी हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. हिला ऐकू आलं."

शिरीषकाका आले. हातात आजोबांच्या फोटोला घालायचा हार तसाच.

"मंजूआत्या," ते म्हणाले. "मंजूषा. बाबांची धाकटी बहीण. शाळेत होती तेव्हा तापाने गेली. टीव्ही तिने जन्मात पाहिला नाही."

"काका, चेष्टा करू नका."

"मी लग्न होऊन आले," काकू म्हणाल्या, "तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा काय शिकवलं माहितीये? बाबा सांगायला बसले की आत दोन कप चहा न्यायचा. एक रिकामा परत यायचा. दुसरा तसाच, साय धरलेला."

"म्हणजे त्या सगळ्या कथा..."

"तिच्या. बाबा फक्त मागून म्हणायचे."

"आणि मला सांगत राहिले की भूत नसतं!"

"तू घाबरून पळून जाऊ नयेस म्हणून."

मृण्मयी बघतच राहिली. "म्हणजे?"

काका हाराची फुलं उगाच सारखी करत होते.

"तो शांततेचा खेळ बाबा आधी माझ्याशी खेळायचे. पंखा, कबुतर... मला त्यापुढे कधी काही ऐकूच आलं नाही. बाबा फार निराश झाले. मग शेजारची तू यायला लागलीस. तुझ्या कानांचं त्यांना भारी कौतुक. आईला म्हणाले होते, मी गेल्यावर मंजूला कोणीतरी लागेल. हिला तयार करतो."

तळणीत राहिलेला वडा करपत होता. कोणी काढला नाही.

"कॅसेट माझ्याकडेच द्यायची, हे..."

"बाबाच सांगून गेले होते."

"आणि तुम्ही दिलीत?"

"बाबा गेल्यापासून वरचं दार आपोआप लागतं, मृण्मयी. आमची लेक आर्या त्या मजल्यावर झोपत नाही. वर्ष झालं. आम्ही तरी काय करणार होतो?"

"म्हणून माझ्या गळ्यात मारलीत?"

काकूंनी गॅस बंद केला.

ती तशीच स्टेशनवर निघून जाणार होती. गेली नाही. चाळीस-पन्नास वर्षं एका मेलेल्या मुलीच्या कथांवर दुसऱ्याचं नाव लागत आलं होतं. निदान आज, सगळ्यांसमोर, तिचं नाव घ्यायचंच, असं तिने ठरवलं.

वस्तीतलं लहानसं सभागृह. मराठी मंडळाची माणसं, बटाटेवड्यांचा वास, हार घातलेला फोटो. कॅसेट ऐकवली. साफ केलेली. आजोबा थांबले की लोक श्वास रोखायचे.

"काय विराम घ्यायचे!" पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मृण्मयी माईकपाशी गेली. ते ठरलेलं वाक्य तिने म्हटलं नाही.

"हे विराम त्यांचे नव्हते," ती म्हणाली. "त्यात मंजूषा बोलते आहे. त्यांची बहीण. या सगळ्या कथा तिच्या आहेत."



मग मंडळाचे अध्यक्ष सुदर्शन यांनी डोळे पुसले. "वा! गेलेल्या बहिणीची आठवण त्यांनी विरामांत जपली... किती सुंदर मांडलंस बाळा!"

टाळ्या पडल्या. शिरीषकाकाही वाजवत होते. सगळ्यांत जोरात.

टाळ्या थांबल्या.

सभागृहातला हीटर थांबला.

बाहेरचं विमान... थांबलं.

आणि तिच्या उजव्या कानापाशी, अगदी जवळून, एका मुलीने विचारलं...

"आणि?"

लहानपणी आजोबा विचारायचे तसंच. त्याच सुरात. तो सूर कोणाचा होता, हे तिला त्या दिवशी कळलं.

हे सगळं तिने मला ब्रेडा स्टेशनच्या कॅफेत सांगितलं. एका कानात हेडफोन होता, त्यात गाणं चालूच. आता ती झोपतेही रेडिओ लावून.

"भुताचा राग नाही गं येत," ती म्हणाली. "तिला तरी कोण आहे? पण तो माणूस मला ऐकायला शिकवत होता, असं मी वीस वर्षं समजत होते."

कप तसाच ठेवून उठली. त्यावर साय धरली होती.

मागच्या आठवड्यात तिने मला एक फाइल पाठवली. सोबत एकच ओळ. 'एक गोष्ट सुचलीय, ऐक ना.'

मृण्मयीने आयुष्यात कधी गोष्ट लिहिलेली नाही.

गोष्ट तिच्याच आवाजात आहे. फार चांगली आहे. मध्ये मध्ये ती थांबते.

ते सॉफ्टवेअर माझ्याही लॅपटॉपवर आहे. मी फाइल साफ केलेली नाही. करणारही नाही.

पण ती बोलायला लागायच्या आधी थोडी शांतता आहे. ती मी अनेकदा ऐकली. तिचा फ्रीज ऐकू येतो. लांबून जाणारी गाडी ऐकू येते. आणि...

तिथे मी दर वेळी फाइल बंद करते.