अकरा नंबरचा बिल्ला

आलात सगळे? दार ओढून घ्या. आणि ए कोपऱ्यातल्या, मोबाइल पेटीत टाक. मला दिसत नाही असं समजू नकोस, उजेड तुझ्या नाकावर पडलाय.

उद्या तुमची पहिली रात्रफेरी. गटात नाव घातलंत, नवे बूट घेतलेत, घरच्यांच्या जिवाला घोर लावलात, झकास. आता झोपायच्या आधी एक गोष्ट ऐका. गोष्ट म्हणतोय, पण घडलेली आहे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या बाबतीत घडली, सहा वर्षांपूर्वी. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

तिला घरात ‘मधली’ म्हणत. पाच भावंडांतली तिसरी. आईने हाक मारली तर आधी मोठीचं नाव यायचं, मग धाकट्याचं, मग ‘अगं तूच ती, इकडे ये’. एकदा सगळी गाडीत बसून आत्याकडे निघाली आणि दोन चौक ओलांडल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, मधली घरीच राहिली! हा किस्सा घरात पोट धरधरून सांगत. तीही हसायची. काय करणार बिचारी?

सतरा पूर्ण झाली तेव्हा तिने कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद वाचला. सोळा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींचा गट. डोंगर चढायचे, दोर बांधायला शिकायचं, नकाशा वाचायचा, आळीपाळीने म्होरक्या व्हायचं. तिने फॉर्म भरला आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला गटाच्या स्टोअरवर गेली. काम साधं. फॉर्म द्यायचा, बिल्ला घ्यायचा, घरी यायचं.

स्टोअर म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतींवर दोर आणि हेल्मेटं, आणि दाराशी एक लाकडी फळी. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. फेरीला जाताना आपला पत्र्याचा बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आल्यावर टांगायचा. फळी भरली म्हणजे सगळे सुखरूप आले. अंधारातली मोजणीही त्याच नंबरांनी. कॅप्टन ओरडणार ‘मोजणी’, की ज्याने त्याने आपापला नंबर ओळीने बोलायचा. हे तुम्हाला शिकवलंच आहे.

गटात तेव्हा दहा जण होते. अकरावी मधली. पण फळीवर दहानंतर एकदम बारा होता. मधे खिळा उपटल्याचं नुसतं भोक.

कॅप्टन म्हणजे एक चोविशीतली ताई, येऊन जेमतेम दोन महिने झालेले. तिने विचारलं, “काका, अकरा कुठे गेला?”

स्टोअरवाला म्हातारा दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “अकरा आपण देत नाही.”

“का बरं?”

“पद्धत आहे तशी.”

“कसली पद्धत? दहानंतर बारा आला की नवी पोरं गडबडतात. काहीतरीच तुमचं, काका.”

म्हाताऱ्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. त्याने ते गिळलं. तेव्हा त्याने तोंड उघडलं असतं, तर आज मी तुमची झोप मोडत बसलो नसतो.

ताईने त्या भोकात नवा खिळा ठोकला. कोऱ्या बिल्ल्यावर अकरा आकडा ठोकून काढला आणि मधलीच्या गळ्यात घातला. मधली घरी पोचेपर्यंत बिल्ला मुठीत धरून होती. आता कुठेतरी अशी एक जागा होती, जिथे तिच्यावाचून मोजणी पुरी होणार नव्हती. घरी कुणाला दाखवायचा तिला धीर झाला नाही, पण रात्री तो उशीखाली ठेवून झोपली.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं.

डोंगरातून एक पाण्याचा बोगदा जातो. लांबी साडेचारशे पावलं, मधोमध एक वळण, दोन्ही टोकांना लोखंडी दारं. शनिवारी रात्री दहाला त्यातलं पाणी बंद करत आणि रविवारी पहाटे पाचला पुन्हा सोडत. मधल्या वेळात आत जायची गटाला लेखी परवानगी होती. आत शिरलं की ताई मागच्या दाराला आतून कुलूप घालायची, कुणी भटकं मागून येऊ नये म्हणून. पलीकडून बाहेर पडलं की पुढचं दार बाहेरून बंद.

“टॉर्च विझवा,” ताई म्हणाली. “डावा हात दोरावर. रेंगाळायचं नाही. पाच वाजता इथे छपरापर्यंत पाणी असतं, माहितीये ना?”

सगळे निघाले. ताई पुढे, मागे एक ते दहा, आणि शेपटाला मधली. तिच्या पुढे दहा नंबर, गोटी नावाचा गुबगुबीत मुलगा. तो घाबरला की विनोद सांगायचा, आणि त्या रात्री तो एकामागून एक सांगत सुटला होता.

वळणापाशी मधलीचा पाय चिखलात रुतला. बूट निघाला. तिने दोर सोडला, वाकली, बूट चाचपून पायात चढवला, नाडी आवळली. मिनिटभर लागलं असेल. तोवर गोटीचा आवाज लांब गेला होता. तिने हाक मारली, पण पुढे एवढा कल्ला चालला होता की कुणाला ऐकू जाणार? ती भिंतीला हात लावून चालू लागली. भीती अशी वाटली नाही. बाहेर मोजणी होईल. अकराला कुणी बोललं नाही की ताई थांबेल. मोजणी असतेच कशाला?

समोर दार उघडल्याचा आवाज झाला. मग ताईचा आवाज घुमत आला.

“मोजणी!”

“एक!” “दोन!” “तीन!”

मधलीने घसा साफ केला. इथूनच जोरात ओरडायचं.

“आठ!” “नऊ!”

“दहा!” हा गोटी.

तिने तोंड उघडलं...

“अकरा.”

बाहेरून.

मुलाचा आवाज. घोगरा. खूप दिवस कुणाशी न बोललेल्याचा असतो तसा...

“शाब्बास! आले सगळे!” ताई म्हणाली.

आणि दार लागलं.

मधली धावली. पडली, उठली, पुन्हा धावली. दारावर दोन्ही मुठी आपटल्या. “ताई! मी आत आहे! ताई, मी आत आहे गं!” बाहेर पोरं हसत-ओरडत उताराला लागली होती. आवाज बारीक होत गेले. मग तेही थांबले.

मोबाइल स्टोअरच्या पेटीत. टॉर्च होता, तो पाऊण तासात पिवळा पडला. तेवढ्यात ती मागच्या दारापर्यंत जाऊन आली. तिथलं कुलूप ओढून बघितलं, दगडाने ठोकून बघितलं. बोटं सोलली. परत पुढच्या दाराशी आली तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते. पाचला सव्वापाच तास.

मग टॉर्च गेला.

दाराच्या उजव्या बाजूला ती टेकून बसली. आणि तिला कळलं, बसायची जागा तयार आहे. खाली खडबडीत सगळं, पण तेवढ्या भागात दगड गुळगुळीत. पाठीमागे भिंतही गुळगुळीत, एका पाठीएवढी. घासून, घासून, घासून झालेली.

इथे कुणीतरी बसायचं. पुष्कळ दिवस.

ती झटकन उठली. कान देऊन उभी राहिली. श्वास नाही, हालचाल नाही. आत कुणीच नव्हतं... आणि त्यानेच तिच्या काळजाचं पाणी झालं. कारण जे कोण इथे बसायचं, ते आता इथे नव्हतं. ते बाहेर गेलं होतं. तिचा नंबर घेऊन.

म्हणजे आता कुणी शोधायला येणार नाही. ताई जिथे जिथे थांबेल तिथे मोजेल, आणि मोजणी पुरी भरेल.

मधली रडली. आईला हाका मारल्या, मोठीला मारल्या, धाकट्याला मारल्या. मग घसा बसला. एक वाजला. दोन वाजले. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून ती आकडे म्हणू लागली. दहापर्यंत यायची. पुढचा आकडा तोंडातून निघेना. तिला वाटायला लागलं, बाहेर गेली तीच खरी मधली. ती आता झोपली असेल. उद्या घरी जाईल. आणि घरी कुणाला काही फरक कळणार नाही...

अडीच.

तीन.

इकडे गट साडेबाराला स्टोअरवर पोचला होता. पेंगत पेंगत पोरांनी बिल्ले टांगले. म्हाताऱ्याने फळीकडे पाहिलं. भरलेली. दिवा मालवला.

साडेतीनला पेटीतला एक फोन वाजला. म्हातारा झोपेतच उठला. पलीकडे एका बाईचा आवाज.

“मधलीला द्या हो जरा. मी तिची आई.”

“बाई, किती वाजलेत? झोपलीय ती.”

“हो, मला कळतंय. येड्यासारखंच झालंय माझं. पण आज पाणी प्यायला उठले आणि पोरं मोजली. कधी मोजत नाही हो मी. चारच भरली. मला ठाऊक आहे ती तुमच्याकडे आहे, पण जिवाला चैन पडेना. नुसता आवाज ऐकवा तिचा.”

म्हातारा फोन घेऊन निजायच्या खोलीत गेला. अकरा बिछाने. शेवटच्या बिछान्यात कुणीतरी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेलं. त्याने हात लावला. पांघरूण खाली बसलं. आत कुणी नाही. गादी चिंब ओली.

गोटी जागा झाला. “माझ्या मागेच होती की काका. उतारावर माझा हात धरला होता तिने. गार होता हात... मी विनोद सांगितला, तर हसलीसुद्धा नाही. म्हटलं, घाबरली असेल.”

म्हातारा फळीपाशी गेला. काडी ओढली. अकराच्या खिळ्यावर बिल्ला होता. ताईने बनवलेला, चकचकीत, तो नव्हता. हा गंजलेला. एक कोपरा दुमडलेला.

तो कोपरा म्हाताऱ्याने ओळखला.

ताईला उठवून, किल्ली घेऊन, दोघं जीव खाऊन पळत सुटली. म्हाताऱ्याचं वय तेव्हा साठ. चार वाजून छत्तीस मिनिटांनी कुलूप निघालं. मधली उभी होती, भिंतीपासून दोन हात लांब. रात्रभर ती पुन्हा त्या जागी बसली नव्हती. ओठ निळे. गळ्यात तिचा चकचकीत बिल्ला. म्हाताऱ्याने फोन तिच्या कानाला लावला. आई अजून तशीच धरून होती, तासाभरापासून.

मधली एवढंच म्हणाली, “आई, मी.”

पाच वाजता बोगद्यात पाणी आलं. तिघं बाहेर दगडावर बसून तो आवाज ऐकत होती. तेव्हा मधलीने विचारलं, “काका, तो मुलगा कोण होता?”

आणि म्हाताऱ्याला सांगावं लागलं.

त्या रात्रीच्या एकेचाळीस वर्षं आधी याच गटात दोन जिवलग मित्र होते. दहा आणि अकरा. अकराची वही बोगद्यात पडली. तो म्हणाला, ‘दोन मिनिटांत आणतो. कॅप्टन ओरडेल, तेवढा माझा नंबर बोलून टाक.’ दहाने बोलून टाकला. स्वतःचा, आणि लगेच आवाज बदलून त्याचा. दार लागलं. दहाला वाटलं, आता सांगितलं तर दोघांनाही शिक्षा. पुढच्या थांब्यावर सांगू. तिथे पुन्हा मोजणी झाली. पुन्हा त्याने दोन्ही नंबर बोलले. मग सांगायची हिंमतच होईना. बिल्ले टांगताना कुणी पाहिलंही नाही. तो पांघरुणात शिरला. सकाळी सांगू म्हणाला...

सकाळी पाच वाजता पाणी सुटलं.

तो सापडला दाराच्या उजव्या बाजूला. बिल्ला काही सापडला नाही. आणि दहाने कुणालाही काही सांगितलं नाही. सगळे म्हणाले, मोजणी चुकली असेल. तो पुढे त्याच गटाच्या स्टोअरला लागला, आणि अकराचा खिळा उपटून टाकला. एवढंच काय ते त्याने केलं.

काय बघताय? हो, मीच तो. स्टोअरवाला मी, आणि दहा नंबरही मीच. त्या बिल्ल्याचा कोपरा मीच दाताने दुमडला होता, चेष्टेत. आता सांगतो. दर वर्षी, नव्या पोरांना, पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री. उद्या मोजणीत दहानंतर बारा. दुसऱ्याचा नंबर कुणी बोलायचा नाही, बाप मेला तरी नाही. आणि दाराला कुलूप घालायच्या आधी डोकी हात लावून मोजायची. तुमची कॅप्टन तशीच मोजते. का मोजते ते आता कळलं ना? घरी तिला अजून मधलीच म्हणतात.

झोपा आता. दिवा मीच मालवतो.

ए कोपऱ्यातल्या, जाता जाता फळीखाली बघ. घाबरू नकोस, काही करत नाही तो. तो बिल्ला मी रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसतो आणि खिळ्यावर टांगतो. आज संध्याकाळीच पुसलाय, तुमच्यासमोर. छपराला गळती नाही, भिंतीत नळ नाही.

लादीला हात लाव... लागलं ना ओलं?