न थांबणारी केतकी

रोज सायकल मारणारी मुलगी रोज थोडी थोडी हळू कशी होत जाईल?

लाटघर सोसायटीच्या हॉलमध्ये हा प्रश्न सगळ्यांत आधी भिंगरीला पडला. भिंगरी म्हणजे मुलांचा सराव घेणारा रोबो. एका चाकावर उभी असते, हात लांबलचक, आणि बोलताना कपाळावरचा निळा दिवा लुकलुकतो. रत्नागिरीत आता दुपारी रस्ते इतके तापतात की मुलं हॉलमधल्या, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलींवरच सराव करतात. दहा वर्षांची केतकी एकही दिवस चुकवत नव्हती. सायकलवर बसली की मध्ये थांबतसुद्धा नव्हती. तरी तिचा वेग उतरतच चालला होता.

आणि केतकीला तर वेग हवा होता. महिन्याभरानं भाट्याच्या किनाऱ्यावर मुलांची ट्रायथलॉन होती (आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, तिन्ही एकापाठोपाठ). गेल्या वर्षी ती पोहली झकास, सायकलही दामटली, पण उतरून धावायला गेली तर पाय उचलेचनात. दुसऱ्याच कुणाचे पाय आपल्याला जोडलेत असं वाटलं. ती वाळूत बसली ती बसलीच, आणि शेवटची रेघ तिनं बाबाच्या कडेवरून ओलांडली. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर, सगळ्यांसमोर. यंदा पहिला नंबर नको होता तिला. आपल्या पायांनी धावत ती रेघ ओलांडायची, बास.

भिंगरी शेवटी नानांना बोलावून घेऊन आली. नाना म्हणजे केतकीचे आजोबा. आयुष्यभर त्यांनी प्रयोगशाळेत धावपटूंचे स्नायू तपासले होते. हातातला चहाचा कप सांभाळत ते आले आणि त्यांनी सहज विचारलं, की मी आखून दिलं तसंच करतेस ना, एक मिनिट जोरात आणि एक मिनिट हलकं?

केतकी बुटाची नाडी बांधायला वाकली. ती बांधलेलीच होती.

“तिनं हलकी मिनिटं गाळायला लावली,” भिंगरी म्हणाली. “मी नको म्हणाले, तर तिनं सरावापुरता माझा आवाजच बंद केला.”

“चुगलखोर,” केतकी पुटपुटली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोसायटीत पद्धत अशी होती, की सायकली फिरवून तयार होणारी वीज जिन्यातल्या दिव्यांना मिळायची, आणि ज्या मुलानं सगळ्यांत जास्त वीज दिली त्याचं नाव संध्याकाळी दारावरच्या पाटीवर झळकायचं. झळकायचा मात्र रोज समोरच्या घरातला आदिल. जाता-येता तो विचारायचा, “काय गं, आजपण भोपळा?” हलक्या मिनिटांत वीज जवळजवळ होतच नाही. म्हणून केतकीनं ती मिनिटं काढून टाकली होती. थांबणं म्हणजे फुकट घालवलेला वेळ, असं तिचं साधं गणित.

नाना रागावले नाहीत. त्यांनी तिच्या मांडीला एक मऊ पट्टा गुंडाळला, आणि समोरच्या भिंतीवर केतकीच्या पायाच्या आतलं चित्र उमटलं. केसाहून बारीक लाल ओढे होते. त्या केशवाहिन्या (स्नायूंपर्यंत रक्त पोचवणाऱ्या अगदी बारीक नळ्या). त्यांच्या आसपास इवले इवले दाणे लुकलुकत होते. त्या तंतुकणिका (पेशींमधल्या चुली, तिथे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होते).

“आता मार तुझ्या पद्धतीनं,” नाना म्हणाले.

केतकी तुटून पडली. जोर वाढला तसं चित्र भगभगीत केशरी झालं. पण थोड्याच वेळात ते पिवळट पडलं आणि तसंच राहिलं. पाय फिरत होते, घाम गळत होता, पण केशरी रंग काही परत येईना. मग नानांनी तिला पाणी पाजलं, चांगलं बसवून ठेवलं आणि दुसऱ्यांदा त्यांच्या पद्धतीनं मारायला सांगितलं. या वेळी प्रत्येक जोराच्या मिनिटाला चित्र पेटून उठलं. अगदी शेवटच्यालासुद्धा.

केतकी भिंतीकडे बघत राहिली. “म्हणजे न थांबता मी जोरात मारतच नव्हते. मला नुसतं तसं वाटत होतं.”

“आपल्या गावची विहीर उपसताना पाहिलीयेस ना?” नाना म्हणाले. “भराभर उपसली की पाणी तळाला जातं. मग पोहरा बुडत नाही, नुसता खडखडतो. जरा दम धरला की झरे पाणी भरून काढतात. जोरात मारताना तुझ्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, म्हणून ते घाईनं साखर फोडतात. त्यातून लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो.”

तो म्हणजे कचराच ना, असं केतकीनं विचारलं. नाना हसले. एके काळी शास्त्रज्ञही तसंच समजत होते म्हणे. पण लॅक्टेट हे तर इंधन निघालं. हलक्या मिनिटात रक्त ते वाहून नेतं आणि खुद्द हृदयच ते वापरून टाकतं.

“आणि विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसं माझं होतं?”

“तू विहिरीच्याही पुढे जातेस. तुझं शरीर नवे झरे पाडतं. जास्त चुली, जास्त केशवाहिन्या. पण ते काम सायकलवर होत नाही हं. ते होतं तू जेवतेस आणि झोपतेस तेव्हा. तू त्याला सवडच देत नव्हतीस.”

भिंगरीनं हळूच विचारलं, की मग हलकी मिनिटं परत घालू का? केतकीनं मान डोलावली. पाटीवर आता आपलं नाव येणार नाही हे तिला कळत होतं. मान डोलवायला म्हणून जरा वेळ लागला.

नानांनी आणखी एक भर घातली. शेवटचं जोराचं मिनिट संपलं की उतरून लगेच हॉलला फेऱ्या मारायच्या. पायांना गोल फिरायची सवय लागलेली असते, म्हणून धावणं आधी परकं वाटतं. ते परकेपण ओळखीचं करून घ्यायचं. पहिल्या दिवशी केतकी बदकासारखी धावली. आदिल पोट धरून हसला, आणि त्या संध्याकाळी पाटीवर त्याचंच नाव होतं.

स्पर्धेच्या सकाळी समुद्र शांत होता. केतकी पोहली, सायकलवर चढली, आणि आदिल वाऱ्यासारखा तिच्या पुढे निघून गेला. त्याच्या मागे सुटायची तिला फार इच्छा झाली. ती सुटली नाही. चढाला जोर लावला, उताराला पाय सैल सोडले.

सायकलवरून उतरली तेव्हा पाय पुन्हा परकेच होते. पण आता ते परके पाय ओळखीचे होते. येतील ताळ्यावर, असं स्वतःला सांगत तिनं छोटी छोटी पावलं टाकली. वळणापाशी आदिल वाळूत पोटऱ्या चोळत बसला होता.

“उचलतच नाहीत गं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

“हळू चालायला लाग. बसू नकोस. येतात परत.”

तो उठून चालायला लागेपर्यंत ती थांबली, आणि मग निघाली. कितीतरी मुलं तिच्या पुढे होती. शेवटच्या रेघेपाशी बाबा हात पसरून उभा होता. केतकी त्याला बाजूला व्हायची खूण करत धावत आली आणि धावतच रेघ ओलांडून गेली.

घरी जाताना गाडीत तिनं नानांना विचारलं, की अंतराळात माणसं नुसती तरंगतात, मग तिथे तर सगळी विश्रांतीच, नाही का? म्हणूनच तिथे स्नायू सुकायला लागतात, आणि म्हणूनच यानातही सायकल असते, असं नाना म्हणाले. मंगळाच्या लांबच्या प्रवासात नेमकं किती जोरात आणि किती हलकं मारायचं, ते मात्र अजून नीटसं कुणालाच माहीत नाही.

“मग ते मी शोधते,” केतकी म्हणाली. पुढे काहीतरी विचारणार होती, पण तेवढ्यात तिची मान आईच्या खांद्यावर कलली. आईनं तिच्या कपाळावरची वाळू पुसली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. केतकी गाढ झोपली होती, आणि आतमध्ये, कुणालाही न दिसता, तिचं शरीर कामाला लागलं होतं.