पाठीवरचं ताट

सीताफळांची मोहीम ठरली होती. महांतेशने लांब काठीला विळा बांधून आकडी तयार केली होती. दसऱ्याच्या सुट्टीसाठी बीदरहून मावशीकडे आलेली प्रतीक्षा चपला चढवत होती. आणि महांतेशचा मित्र सिद्धप्पा खताची भलीमोठी रिकामी गोणी खांद्यावर टाकून उभा होता.

"सीताफळं आणायलास का माकडं धरायलास?" महांतेशने विचारले.

"सीताफळं न्हाई गावली तर तुलाच भरून आणतो की," सिद्धप्पा म्हणाला.

तेवढ्यात बांधावरून महांतेशचा धाकटा भाऊ माउली लंगडत, रडत आला. त्याच्या पोटरीवर दातांचे व्रण होते. कुणाचे कोण जाणे, लाळ गाळणारे एक कुत्रे सरळ धावत आले होते, चावले होते, आणि तसेच पुढे निघून गेले होते.

प्रतीक्षाने त्याला नळाखाली बसवले आणि साबण लावून जखम बराच वेळ धुतली. शाळेत तसे शिकवले होते. "आता लगेच दवाखाना," ती म्हणाली.

पण माउलीची आई, गीतामावशी, धावत आली, तिने माउलीचा दंड धरला आणि ती तुळजाराम अप्पांच्या अंगणाकडे वळली.

अप्पा त्या गावचे जुने मेंढपाळ. कुत्रे चावलेल्या माणसाच्या पाठीला ते पितळी ताट लावत. विष असेल तोवर ताट चिकटून राहते, विष उतरले की खाली पडते, असे सगळे मानत. ते पैसे घेत नसत. आणलेला नारळ फोडून अंगणातल्या साऱ्यांना वाटून टाकत. लबाडीचा लवलेश नसलेला तो माणूस होता, आणि म्हणूनच त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

अप्पांनी ओल्या फडक्याने ताट पुसले, वाकून बसलेल्या माउलीच्या पाठीला लावले आणि मंत्र म्हणत त्यावर मातीच्या चिमटी मारल्या. ताट चिकटले. थोड्या वेळाने माउली अवघडला, ताठ झाला, आणि ताट खणकन खाली आले.

"उतरलं," अप्पा म्हणाले. "पथ्य पाळा. तेलाचं काही देऊ नका. सुईबी टोचायची न्हाई."

गीतामावशीने ताटाला हात जोडले. प्रतीक्षाला मात्र महांतेशकडून ऐकलेले आठवले. गेल्या वर्षी याच अंगणात असेच ताट पडले होते. तेव्हा पुढे महांतेशची थोरली बहीण विजयश्री बसली होती. काही आठवड्यांनी तिला पाण्याची भीती वाटू लागली, आणि मग ती गेली. पावसाळी संध्याकाळी विजूने हट्ट केला म्हणून आईने तिला दोन भजी दिली होती. पथ्य मोडले, असे गाव म्हणाले. गाव विसरले, आई विसरली नाही. त्या दिवसापासून त्या घरात कढई चुलीवर चढली नव्हती.

तिघे गोठ्यात जमले. सीताफळांसाठीची गोणी कोपऱ्यात रिकामीच पडून होती.

"अप्पांनी लई माणसं वाचवली म्हणतात," सिद्धप्पा हळूच म्हणाला.

"त्या माणसांना चावलेली कुत्री पिसाळलेली होती, हे कुणी बघितलंय?" प्रतीक्षाने विचारले. "साधं कुत्रं चावलं तर माणूस ताटाविनाबी वाचतो. वाचलेला माणूस गावभर सांगत फिरतो. विजूअक्का कुठून येणार सांगायला?"

 महांतेश उठला आणि घरातले पितळी ताट घेऊन आला. "माझ्या पाठीला लाव. मला कुत्रं कधी चावलं न्हाई."

कोरडे ताट घसरले. ओल्या फडक्याने पुसून, त्याला वाकायला सांगून लावले, तर चिकटले. तो ताठ झाला आणि ताट पडले.

ते धावत गीतामावशीकडे गेले. तिने सगळे पाहिले, पण तिचा चेहरा हलला नाही. "लहानपणी चाटलं आसंल एखाद्या कुत्र्यानं. पोरांनो, मागल्या खेपेला माझ्या हातानं पथ्य मोडलं. आता न्हाई मोडायची."

"काहीबी झालं तरी कारण तयारच हाय," बाहेर येऊन सिद्धप्पा कुरकुरला.

"म्हणून कारण आधीच विचारायचं," प्रतीक्षा म्हणाली. "ताट लावायच्या अगोदर."

मावशीला आणि माउलीला घेऊन ते पुन्हा अप्पांच्या अंगणात गेले. प्रतीक्षा त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"अप्पा, ताट कुणाच्या पाठीला चिकटणारच न्हाई, अगदी खात्रीनं?"

"कामून विचारायलीस?"

"शिकायचंय मला."

अप्पा हसले. "माझ्या पाठीला. जन्म मेंढरांत गेला, पर कुत्र्याचा दात अंगाला लागला न्हाई. चाटूबी दिलं न्हाई कधी."

"मग तुमच्याच पाठीला लावू?"

 अप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले, घोंगडी बाजूला ठेवली, सदरा काढला आणि वाकून बसले. खोटे पडण्याची त्यांना भीती नव्हती, कारण त्यांचा खरोखरच विश्वास होता. महांतेशने ओल्या फडक्याने ताट पुसले आणि लावले. अप्पा स्वतः मंत्र म्हणाले.

ताट चिकटले.

अप्पांनी मागे हात नेऊन ते चाचपले. एकदा, पुन्हा एकदा. त्यांचा मंत्र मध्येच थांबला. सुरकुतलेल्या त्या पाठीवर ताट संध्याकाळच्या उन्हात चमकत राहिले, आणि ते काढायला कुणाचाच हात पुढे झाला नाही.

शेवटी त्यांनीच ते ओढून काढले आणि जमिनीवर पालथे ठेवले.

"गीता, लेकराला दवाखान्यात ने. आत्ताच." मग ते प्रतीक्षाकडे वळले. "शहाणी हायस पोरी. पर मागल्या साली कामून आली न्हाईस?"

 प्रतीक्षाने माउलीचा हात धरून त्याला उठवले.

सिद्धप्पाच्या काकाने ऑटो काढला. हुलसूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेत आणि दंडात सुया टोचल्या. पुढच्या सुयांच्या तारखा सांगितल्या आणि विचारले, "जखम साबणानं कुणी धुतली? शाबास. वेळेवर आणलंत." मुले एकमेकांकडे पाहून हसली, पण हसू लवकरच विरले. गीतामावशी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ विजूचे नाव पुटपुटत होते.

परतताना स्टँडजवळच्या गाड्यावर भजी तळली जात होती. गीतामावशीने ऑटो थांबवायला लावला.

"डॉक्टर म्हणाले, काहीबी खाऊ दे," ती जणू स्वतःलाच सांगत होती. तिने कागदातले एक भजे फुंकर घालून माउलीच्या हातावर ठेवले.

माउली घाबरून तिच्याकडे पाहू लागला. "आई, पथ्य?"

"न्हाई रे बाळा," ती म्हणाली. "पथ्य कधी नव्हतंच."

आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, ती भर रस्त्यात मोठ्याने रडली. महांतेशने आईचा हात धरला. तिच्या दुसऱ्या हातात दोन भजी होती. घर येईपर्यंत तिने ती तशीच धरून ठेवली.