अठरा वाजताची फेरी

काळदरा गुरुत्वलहरी वेधशाळेच्या मोठ्या दालनात त्या सकाळी एक आवाज ऐकवला जाणार होता, आणि परसराम घोंगडे तिथं आला होता तो आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला.

निवृत्त माणसानं दर नोव्हेंबरात कचेरीत यावं, अधिकाऱ्यासमोर उभं राहावं आणि आपण अजून आहोत असं सही करून द्यावं, असा नियम. कारकून म्हणाला, "मामा, साहेब लोक झाडून सगळे दालनात आहेत. तिकडंच जा. आज ते इतके खुशीत आहेत की मेलेल्या माणसालाही सही देतील."

परसराम दाखल्याचं पाकीट हातात धरून दाराशी जाऊन उभा राहिला. एकतीस वर्षं त्यानं इथल्या बोगद्याची राखण केली, पण या दालनात पाऊल पडायची ही दुसरीच वेळ. पहिली निरोपाची. त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी चार कॅमेरे बसले. घरी गेल्यावर महिनाभर तो फोनजवळ बसून होता. कुणीतरी विचारील, मामा, अमुक किल्ली कुठली, तमुक दार कसं उघडतं. फोन काही आला नाही. चौदा महिने झाले, त्याच्यावाचून कुठंही काहीही अडलं नव्हतं.

ते त्याला आतून खात होतं. तरुणपणी गावच्या देवळात धोंडिबुवांचं कीर्तन उभं राहिलं की मागच्या रांगेत डावीकडचा टाळ परसरामचा असायचा. नोकरीनं ते सुटलं, कारण ड्यूटीची वेळच चमत्कारिक. त्याची बायको सरू म्हणायची, "लोकांची ड्यूटी घड्याळावर असते, तुमची चंद्रावर. रोज सरकते." सरू गेली तेव्हाही तो फेरीवरच होता. निवृत्तीनंतर तो पुन्हा देवळात जाऊन बसू लागला, पण टाळ हातात असून वाजेना. एकदा कीर्तन संपलं, कपाळांना बुक्का लागला, माणसं पांगली, तेव्हा त्यानं बुवांचे पाय धरले. "बुवा, माझं जगणं कशाच्या कामी आलं?" नव्वदीच्या धोंडिबुवांनी त्याला उठवून शेजारी बसवलं. मग म्हणाले, "परसा, रोज दोन तास मी बोलतो, पण ह्याचं उत्तर मला कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्यापासून लपवलं नसतं."

दालनात डॉ. नलिनी परचुरे बोलायला उभ्या राहिल्या होत्या. वेधशाळेच्या प्रमुख. एकोणतीस वर्षं दर परिषदेत उभं राहून "यंदाही काही नाही" असं सांगत आलेल्या बाई. आज त्या हातातल्या कागदाकडे न बघताच बोलत होत्या.

"अवकाशात दूर कुठं काही प्रचंड हललं, की अवकाशालाच सुरकुती पडते. ती सुरकुती इथून जाते तेव्हा आपला बोगदा अणूपेक्षाही कमी अंतरानं लांबतो, आखडतो. एवढंसं मोजायचं तर आधी पृथ्वीवरची गडबड काढून टाकायला हवी. ट्रक, वारा, धरणाचं पाणी. ते काम आपलं रववजाक यंत्र करतं. आणि गेले चौदा महिने, सगळं वजा करूनही, एक गोष्ट उरते आहे. रोज एकदा, बावीस मिनिटं."

"रोज एकदा म्हणजे कुणाचा तरी पंप असेल, मॅडम," वीज विभागातला एक जण बोलला.

उत्तर डॉ. फिरोज मुजावरांनी दिलं. बाईंचे ते उजवे हात. "वर्षभर मी तो पंपच शोधत होतो. पण पंप माणसाच्या घड्याळावर चालतो, रोज त्याच वेळी. आकाशाचं तसं नाही. तारा आज ज्या जागी ज्या वेळी दिसला, त्याच जागी उद्या चार मिनिटं आधी येतो. हा आवाज रोज चार मिनिटं आधी येतो. एकदाही चुकलेला नाही. असं वेळापत्रक पाळणारं यंत्र या डोंगरात नाही, आणि माणूस तर नाहीच नाही."

"शिवाय तो हळूहळू क्षीण होतो आहे," बाई म्हणाल्या. "उगम आपल्यापासून दूर चालला आहे. गुरुवारी हे जगाला सांगायचं. आज म्हटलं, आधी घरच्यांनी ऐकावं."

त्यांनी कळ दाबली.

ठप्. ठपठप्. ठप्. ठपठप्. एक जड, एक हलका, खूप खोलातून आल्यासारखा. माणसं श्वास धरून ऐकत होती. एका बाईनं तर हात जोडले.

परसरामची बोटं पाकिटावर वाजू लागली. टाळकऱ्याच्या बोटांना लय शिकवावी लागत नाही. थोड्या वेळानं तो शेजारच्या माणसाला हळूच म्हणाला, "आता थांबंल." आवाज थांबला. "आता दोन." दोन ठोके पडले. शेजारचा हसला, कोपरानं डिवचत म्हणाला, "मामा, भविष्य सांगता काय?" पुन्हा ठपठप् सुरू झालं. बऱ्याच वेळानं परसराम म्हणाला, "आता पायऱ्या. चार." चार ठोके एकापाठोपाठ जवळजवळ आले.

आता कुणी हसलं नाही. फिरोज मागं येऊन उभे होते. "मामा, हे तुम्हाला आधी कुणी ऐकवलं?"

"ऐकवलं न्हाई, साहेब." परसराम म्हणाला. "हे मी चाललेलो हाय."

बाईंच्या खोलीत तिघंच बसली.

"डावा गुडघा धरलाय धा वर्सांपास्नं," परसराम सांगत होता. "म्हणून एक पाऊल जड, एक हलकं. बोगद्यात पाच खांब. हरेक खांबाशी थांबायचं, मीटर बघायचा, आन् देवाचं नाव घेऊन दोन टाळ्या वाजवायच्या. कीर्तन सुटलं होतं, म्हटलं तेवढंच घडंल. शेवटच्या खांबाआधी चार पायऱ्या हायेत."

"पण मामा, तुम्ही आता तिथं जातच नाही," फिरोज म्हणाले. "बोगदा रिकामा आहे. रिकाम्या बोगद्यात पावलं वाजवील कोण?"

बाईंनी टेबलाची कड धरली होती. "फिरोज, रववजाक शिकतो कसा?"

"पुन्हापुन्हा येणारा आवाज तो लक्षात ठेवतो. जमिनीतले कंपमापक बंद पडल्यापासून तर सगळं आठवणीवरच आहे. अमुक वेळ झाली की अमुक आवाज येणार असं धरून तो..." फिरोज थांबले.

"तो वजा करतो. आला की नाही ते न बघता. आवाज आला, तर बाकी शून्य. आणि नाही आला तर?"

"जे नाही ते वजा केलं, तर त्याचाच उलटा ठसा उरतो," फिरोज सावकाश म्हणाले. "आणि उलटा केला तरी आवाज कानाला तसाच लागतो. अशा चाळीस हजार आठवणी आहेत त्याच्यात, मॅडम. एकीलाही नाव नाही."

"म्हंजे तो आवाज माझा?" परसरामनं विचारलं.

"तुमचा नाही, मामा," बाई म्हणाल्या. "तुम्ही नसल्याचा."

फिरोज ताडकन उठले. "होऊच शकत नाही. चार मिनिटांचं काय? मामा, फेरी किती वाजता असायची तुमची?"

"अठरा वाजता. तसा हुकूमच होता."

"बघा! संध्याकाळी सहा. रोज सहा. हा आवाज तर सरकतो."

"संध्याकाळी कशी, साहेब? अठरा वाजता. कधी दुपारी वाजायचे, कधी पहाटं. चौकीतल्या घड्याळात वाजतील तवा."

मग बाईंनी एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घेतलं. चौकीत दोन घड्याळं होती. परसराम रुजू झाला सप्टेंबराच्या शेवटी, आणि वर्षातले तेवढेच काही दिवस ती दोन्ही घड्याळं जवळपास सारखी असतात. पंधरवड्यात त्यांतलं एक बंद पडलं. उरलेलं मनगटी घड्याळाशी जुळेना, तेव्हा त्यानं एका घाईत असलेल्या इंजिनिअरला विचारलं. "इथलं सगळं ह्याच घड्याळावर चालतं," असं सांगून तो जीपमध्ये बसून निघून गेला. मग परसरामनं कधी कुणाला विचारलं नाही. वहीत रोज लिहीत राहिला, अठरा वाजता फेरी केली. वाचणाऱ्याला त्यात वावगं काही दिसलं नाही.

"ते नाक्षत्र घड्याळ होतं," बाई म्हणाल्या. "आकाशाचं. रोज चार मिनिटं पुढं जाणारं. ते यंत्रांसाठी लावलेलं होतं, मामा. माणसांसाठी नव्हतं."

परसरामनं विचारलं, "म्हंजे रातचं उठायची गरज नव्हती?"

"नव्हती."

"सांजच्याला सहाला फेरी, साडेसहाला मोकळा?" तो स्वतःशीच बोलत होता. "आठला देवळात कीर्तन उभं राहायचं." मग त्यानं बोटांवर महिने मोजले. "सरू वैशाखात गेली, पहाटं साडेतीनला. त्या दिवशी पहाटं साडेतीनला अठरा वाजले होते."

बाईंनी त्याच्या हाताकडे हात नेला आणि अर्ध्यातून मागं घेतला.

फिरोज खिडकीकडे तोंड करून उभे होते. तसेच म्हणाले, "मॅडम, हे आपल्या तिघांनाच ठाऊक आहे. आवाज ज्या वेगानं क्षीण होतोय, त्या हिशेबानं अकरा वर्षांत तो आपोआप संपेल. उगम दूर गेला असंच सगळे म्हणतील. शोधून काढणारं कुणी उरणार नाही."

"दूर काहीच चाललेलं नाही, फिरोज. यंत्र मामांना विसरतंय, एवढंच."

पण तेवढ्यावर बाईही थांबल्या. गुरुवार तीन दिवसांवर होता. निकाल कुणाच्या हातात आहे हे तिघांनाही कळत होतं. परसरामनं तोंड मिटून घेतलं असतं, तर बाईंची एकोणतीस वर्षं वाचत होती. आणि ज्याला शालीपलीकडे काही मिळालं नाही, त्याची लंगडी चाल ताऱ्यांच्या नावानं पुस्तकात जात होती. त्याला ते कळलं. क्षणभर गोडही वाटलं.

"मॅडम," तो म्हणाला, "मागचा टाळकरी चुकला आन् गप बसला, तर बुवांचं अख्खं कीर्तन त्या चुकीच्या लयीत जातं. सांगावंच लागतं. उद्या मी चालून बघतो. मी हाय का न्हाई, ते एकदा कळू द्या."

"तुम्ही चाललात आणि रेघ सरळ आली, तर माझ्याकडे काहीही उरत नाही, मामा."

"माझ्याकडंबी कालपातुर काय नव्हतं."

बाईंनी त्याच्या हातातलं पाकीट घेतलं, कागद काढला आणि सही केली. सदर व्यक्ती आज माझ्यासमोर हयात व हजर होती. सही वेडीवाकडी आली.

दुसऱ्या दिवशी नाक्षत्र घड्याळात अठरा वाजले तेव्हा दुपारचे दोन वाजून चोवीस मिनिटं झाली होती. परसराम बोगद्यात शिरला. तोच ओला दगडी वास. कॅमेऱ्यांचे तांबडे ठिपके सोडले तर सगळं होतं तसं होतं. जड पाऊल, हलकं पाऊल. पहिल्या खांबाशी तो थांबला, नाव घेतलं, दोन टाळ्या. दुसऱ्या खांबाशीही तसंच. चालता चालता त्याला सरूची आठवण येत राहिली. ह्याच खांबांमध्ये कुठंतरी असताना ती गेली होती. चार पायऱ्या तो भिंत धरून उतरला. शेवटच्या टाळ्या वाजवल्या, आणि तिथल्या भिंतीवरचा फोन उचलला.

"मॅडम?"

पलीकडून बाई म्हणाल्या, "काही आलं नाही, मामा. रेघ सरळ आहे."

"एकदम सरळ?"

"एकदम. कुठंही काही नाही."

परसराम फोन कानाशी धरून उभा राहिला. एकतीस वर्षं रोज ही फेरी अशीच पोचत होती, आणि पोचली म्हणूनच वर कुणाला काही दिसत नव्हतं. "म्हंजे मी पोचलो," तो म्हणाला. मग घाईघाईनं, आतून काहीतरी उसळल्यासारखा, "मॅडम, मी रोज येत जातो. मी चाललो तर तुमचं यंत्र साफ राहतं, न्हाई का? पगार नको, काय नको. तेवढाच उपयोग."

"नको, मामा."

"न्हाई?"

"तुमच्या पायांवर वेधशाळा नाही चालवता येणार. पाय आज आहेत. तुमची आठवण यंत्रातून पुसून टाकायची, हाच एक मार्ग आहे. फिरोज उद्या संध्याकाळी पुसणार आहेत. गुरुवारी मी उभी राहीन आणि सांगेन, यंदाही काही नाही."

बोगद्यात पाणी ठिबकत होतं. परसरामनं मान हलवली. ती फोनवर दिसत नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"एक मागू?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उद्या दुपारी मात्र येऊ नका. एकोणतीस वर्षांत मला एवढी एकच गोष्ट ऐकू आली. पुसायच्या आधी एकदा ऐकायची आहे. तुमची आहे हे ठाऊक असताना."

दुसऱ्या दिवशी दोनच्या आधीच परसराम अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, घरातल्या बाजेवर बसला. वेधशाळा तिथून बारा किलोमीटर. तो धावत सुटला असता तरी काही बिघडलं नसतं. पण दोन वाजून वीस मिनिटं झाली, आणि त्यानं पाय उचलून बाजेवर घेतले. फोन दोनदा वाजला, तो उठला नाही. शेजारीण ताकाचा तांब्या घेऊन आली, तिला त्यानं खुणेनंच परत पाठवलं. मनातल्या मनात तो खांब मोजत होता. हा पहिला. आता बाईंना दोन ठोके ऐकू आले असतील. हा दुसरा. चार पायऱ्या आल्या तेव्हा त्याचा दुखरा गुडघा आपसूक थरथरला. शेवटच्या खांबाशी दोन्ही हात टाळीसाठी उठले. त्यानं ते मांडीखाली दाबून धरले, आणि दोन टाळ्यांना लागतो तेवढा वेळ तसाच बसून राहिला.

त्या दिवसाची फेरी दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी पूर्ण झाली.