एकोणीस की सहा

"तुझ्या त्या पोरीला आवर. नाहीतर आज चार वाजता तिचं नाव कॉलेजातून कटेल," मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या. शुक्रवारचा राउंड उरकून त्या नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. नर्सिंग कॉलेजात त्या संशोधनपद्धती शिकवत. कुणी काहीही सांगितलं, की "पुरावा?" हा त्यांचा पहिला प्रश्न, म्हणून मुली पाठीमागे त्यांना पुरावाबाई म्हणत. आणि मेट्रनबाई ही त्यांची थोरली नणंद. दीड महिन्यापूर्वी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सोमवार ते रविवार रजा टाकून त्यांच्याकडेच राहून गेलेली.

"काय केलं तिनं, वन्सं?"

"एकच वॉर्ड, तेच बारा आठवडे. गुणवत्ता अधिकाऱ्यांच्या अभ्यासात रुग्ण पडल्याच्या घटना सहा. तुझ्या विद्यार्थिनीच्या, त्या बारकीच्या प्रबंधात एकोणीस! तू पद्धत शिकवतेस ना? मग अधीक्षकांच्या समितीपुढे सांग, तिची पद्धत चुकीची. तिथंच विषय मिटेल."

"दोन्ही अभ्यास पाहून सांगते."

"त्यात पाहायचं काय?"

बाईंनी फोन ठेवला. कागद न पाहता सही करायला सांगणारा माणूस आजवर त्यांच्याकडून सही घेऊन गेला नव्हता. नणंद म्हणून तो नियम बदलणार नव्हता.

गुणवत्ता अधिकारी तरुण होता. टेबल इतकं स्वच्छ, की त्यावर काम होतं की नाही अशी शंका यावी.

"माझी पद्धत सरळ आहे," तो म्हणाला. "रुग्ण पडला की नर्स फॉर्म भरते, वॉर्डातल्या पत्र्याच्या पेटीत टाकते. दर शुक्रवारी बरोबर बाराला मी पेटी उघडतो. मोजतो. आकडा कधी खोटं बोलत नाही."

"किल्ली?"

"एक माझ्याकडे. दुसरी सिस्टरच्या खोलीत खिळ्याला."

"म्हणजे कुणालाही मिळेल."

"पण घेईल कोण? आणि का? त्या मुलीचं म्हणाल तर ती गप्पा मारत बसली. कुणी बेडवरून घसरून खुर्चीत टेकला तरी तिच्या लेखी तो पडला!"

"कोपऱ्यातल्या खाटेवरच्या शिंपीकाकांच्या मनगटाला प्लास्टर आहे. ते वॉर्डातच पडले."

"त्यांचा फॉर्म नाही. माझ्या अभ्यासात फक्त फॉर्म येतात."

बाईंनी त्याच्याकडे सहा फॉर्म मागितले. त्याने खळखळ न करता दिले. चोर असता तर इतक्या सहज दिले नसते, असं बाईंच्या मनात आलं. पण मनात येणं म्हणजे पुरावा नव्हे.

बारकी वाचनालयात बसली होती. अंगाने काडी, नजर मात्र सुईसारखी. तिने वही छातीशी धरली होती.

"नावं मागायला आलात ना, बाई?"

"अधीक्षक मागतायत."

"देणार नाही. नर्सांना आणि रुग्णांना शब्द दिलाय. गेल्या वर्षी दोघींनी खरे फॉर्म भरले, तर त्यांनाच नोटिसा मिळाल्या. माझ्याशी बोलल्या त्या नाव येणार नाही या भरवशावर. कॉलेजातून काढा हवं तर."

"मी नावं मागत नाहीये. प्रत्येक पडण्याची तारीख, वार आणि वेळ दे. आणि कुणाकुणाचं तू दोघांच्या तोंडून पडताळलंस ते."

बारकीची पकड जरा सैल झाली. "सगळ्या एकोणिसांचं. एक नर्स, एक रुग्ण किंवा नातेवाईक. ज्यात दोघांचं जुळलं नाही ते मी घेतलंच नाही."

"यातले जमिनीवर किती पडले?"

"सतरा. दोघं खुर्चीवर आदळले."

म्हणजे व्याख्येने फरक पडला तो दोनचा. अकरा पडलेली माणसं अजून गायबच होती.

"आणि बाई," बारकी म्हणाली, "काल गुरुवारी दुपारीही एक आजी पडल्या. अभ्यास संपला म्हणून मी त्यांना यादीत धरलं नाही. पण सिस्टरनी फॉर्म भरून पेटीत टाकला, माझ्यासमोर."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

वॉर्डात तीस खाटा होत्या. सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत होत्या. चेहऱ्यावर आठवडाभराची अपुरी झोप.

"फॉर्म भरता का, सिस्टर?"

"भरते."

"सगळे?"

"लिहिलं ते पेटीत टाकलं. पुढचं मला विचारू नका. माझ्या घरी दोन पोरं आहेत."

"आज सकाळपासून तुमच्या खोलीत कोण कोण आलं?"

"कोण येणार? आठला धोबीखात्यातले काका, चादरी मोजायला. ते दर शुक्रवारी येतात, एकही चुकवत नाहीत. मग मेट्रनबाईंचा राउंड. त्याही शुक्रवारच्याच. बाकी मी."

बाराला अधिकारी आला. सगळ्यांसमोर त्याने पेटीचं कुलूप काढलं, झाकण वर केलं.

पेटी रिकामी होती.

"बघा, या आठवड्यात शून्य," तो समाधानाने म्हणाला.

सिस्टरनी ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. मग त्यांनी मान वळवून औषधं मोजायला घेतली.

कोपऱ्यातल्या खाटेवरून शिंपीकाका ओरडले, "शून्य? मग माझा उजवा हात काय हौसेनं मोडला का? मागच्या आठवड्यात बुधवारी दुपारी तीन वाजता पडलो! घंटा दाबून दाबून अंगठा दुखला. दुपारची दुसरी नर्स तुम्ही काढून टाकलीत, एकटी पोरगी धावणार कुठं कुठं?"

"नर्स कधी काढली?" बाईंनी विचारलं.

"चौथा आठवडा संपताच," अधिकारी म्हणाला. "पहिल्या महिन्याचे आकडे उत्तम होते. सुरक्षित वॉर्डाला जादा माणूस कशाला, असं व्यवस्थापन म्हणालं."

बाई रिकाम्या वर्गात जाऊन बसल्या. एका हाताला सहा फॉर्म, दुसऱ्या हाताला बारकीची यादी. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या आणि फळ्यावर वारांचे रकाने आखले. अर्ध्या तासाने त्या फळ्यापासून मागे सरल्या. मग घरी फोन करून सासूबाईंना एकच गोष्ट विचारली. ऑपरेशनची तारीख.

चार वाजता अधीक्षकांच्या दालनात सगळे जमले. अधीक्षक, अधिकारी, मेट्रनबाई, सिस्टर, आणि दाराजवळ उभी बारकी.

"मुली, नावं दे," अधीक्षक म्हणाले.

"नाही देणार, सर."

"मग प्रबंध रद्द. बाई, तुमचं मत? कुठली पद्धत बरोबर?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "आणि म्हणूनच चोर सापडला."

दालनात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेबांनी पेटीतलं प्रामाणिकपणे मोजलं. पण पेटीत काय येत नाही, हे मोजणीला कळत नाही. बारकीनं माणसांना विचारलं. पण फॉर्म गेले कुठं, हे माणसांना माहीत नव्हतं. मी दोन्ही शेजारी ठेवले. बारकीच्या यादीत पडणं आठवड्याच्या सातही दिवशी आहे. साहेबांच्या सहा फॉर्मपैकी चार मात्र शुक्रवारचे, तेही सकाळी नऊ ते बाराच्या मधले. असं का?"

बाईंनी ते सहा फॉर्म टेबलावर ओळीने मांडले.

"कारण पेटी आधीच कुणीतरी रिकामी करत होतं. दर शुक्रवारी, नऊच्या आत. त्यानंतर जे पडले, तेवढ्यांचेच फॉर्म साहेबांच्या हाती लागले. आजही तेच झालं. कालचा फॉर्म आज बारापर्यंत नाहीसा."

"मग सिस्टरच!" अधिकारी म्हणाला.

"सिस्टर रोज तिथं असतात. त्यांना काढायचे असते तर त्यांनी अकरा वाजताही काढले असते. ते चारही उरले नसते. तुम्हालाही लपवायचं असतं तर तुम्ही बाराला सगळेच लपवले असते. हे काम अशा माणसाचं, जो फक्त शुक्रवारी सकाळी येतो. असे दोघं आहेत. धोबीखात्यातले काका, आणि..."

त्या घोटभर पाणी प्यायल्या.

"उरलेले दोन फॉर्म सहाव्या आठवड्यातले आहेत. सोमवारचा आणि बुधवारचा. त्या एकाच आठवड्यात पेटीला कुणी हात लावला नाही. काका त्या शुक्रवारीही आले होते, सिस्टर म्हणतात ते एकही शुक्रवार चुकवत नाहीत. मेट्रनबाई आल्या नव्हत्या. त्या आठवड्यात त्या माझ्या घरी होत्या, आईंच्या डोळ्यात औषध घालत. तारीख मी आज आईंनाच विचारून खात्री केली, वन्सं."

मेट्रनबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मान वर केली.

"हो. मी काढले. मीच फाडले." त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी माझ्या दोन मुलींना तुम्ही नोटिसा दिल्यात, सर. एकीनं नोकरी सोडली. एक खरं लिहिलं म्हणून! मी ठरवलं, कागदच तुमच्यापर्यंत येऊ द्यायचा नाही. माझ्या मुली मी वाचवल्या. त्यात काय चुकलं?"

"तुमचा हेतू मला कळतो," बाई म्हणाल्या. "पण त्या रिकाम्या पेटीकडे बघून यांनी दुपारची नर्स काढली. त्यानंतर तेरा माणसं पडली. ज्या मुलींना वाचवायला निघालात, त्यांनाच तीस खाटांवर एकटं सोडलंत. आणि आज या पोरीचं शिक्षण घालवायला निघाला होतात, मला हाताशी धरून."

सिस्टर हुंदका आवरत म्हणाल्या, "मला वाटायचं फॉर्म साहेबच दडपतात. म्हणून मी गप्प होते."

अधीक्षकांनी घसा साफ केला. "हे बघा, हे दालनाबाहेर जायला नको. मेट्रनबाई राजीनामा देतील. अहवालात आपण सहाच ठेवू."

"एकोणीस," बारकी दारातून म्हणाली.

"तू गप्प बैस."

"ती बसणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि मीही नाही. दोन्ही अभ्यास एकत्र छापले जातील, नोटिसांच्या प्रकरणासकट. प्रबंध रद्द करायचा तर आधी माझी नेमणूक रद्द करा. लेखी. कारण लिहून."

अधिकाऱ्याने स्वतःचा अहवाल उचलला, पहिल्या पानावरचा आकडा खोडला आणि न बोलता बारकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सिस्टरही उठल्या. "माझं नाव घाला खुशाल," त्या म्हणाल्या. अधीक्षकांनी एकेकाकडे पाहिलं. समोर आता कुणी उरलंच नव्हतं दटावायला.

मेट्रनबाई निलंबित झाल्या. दुपारची नर्स दहाव्या दिवशी परत आली, आणि फॉर्म भरणाऱ्याला नोटीस द्यायची नाही असा लेखी आदेश निघाला. त्या दिवशी बैठकीनंतर लगेच मेट्रनबाई वॉर्डात गेल्या होत्या. बाई त्यांच्या मागे गेल्या, पण दोन खाटा अलीकडेच थांबल्या.

"काका, तुम्ही पडलात त्याचा कागद होता. मी फाडला," मेट्रनबाई म्हणाल्या.

शिंपीकाकांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "माझा हात पुन्हा कात्री धरेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. माफी मागू नका. मला ती नको."

"मग काय करू?"

"लिहा. पुन्हा. इथं बसून, माझ्यासमोर. मी सांगतो तसं."

मेट्रनबाईंनी स्टूल ओढलं, मांडीवर कोरा फॉर्म घेतला. काका म्हणाले, "बुधवार. दुपारी तीन. घंटा अकरा वेळा वाजवली. कुणी आलं नाही." आणि त्या एकेक शब्द लिहीत गेल्या.