अडुसष्ट लाल नावं

जमनाला एक कोडं सुटत नव्हतं. पारखी खोटं बोलत नाही असं सगळे सांगत होते. ललिताताई खोटं बोलत नाही हे जमनाला स्वतःला माहीत होतं. मग दोघांचं म्हणणं एकमेकांच्या उलट कसं?

पारखी हा विद्यापीठाचा यंत्रमानव. उंची जमनाएवढीच, म्हणजे सहावीतल्या मुलीएवढी. विद्यार्थी संशोधन मेळ्यासाठी आलेले एक हजार निबंध त्याने एका सकाळीत वाचून काढले होते. बेडकांच्या कातडीवरचे, धरणातल्या गाळावरचे, भाडेकरूंच्या कायद्यावरचे, जुन्या नाटकांतल्या पदांवरचे. निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहिला आहे की लिहिणाऱ्या यंत्राकडून लिहून घेतला आहे, हे ओळखणं हे त्याचं काम. ज्याच्याबद्दल संशय आला, त्याचं नाव मोठ्या फलकावर लाल व्हायचं.

फलकावर अडुसष्ट नावं लाल होती. त्यात एक होतं ललिता जामसिंग पावरा, मराठी विभाग.

जमना आदल्या दिवशी धडगावच्या वरच्या पाड्यावरून एसटीने आली होती, ताईचं भाषण ऐकायला. ताईचा निबंध होता पावरी भाषेतल्या कोड्यांवर. पिकं राखताना मचाणावर बसलेली माणसं पाखरं हाकता हाकता एकमेकांना जी कोडी घालतात, त्यांवर. ताईने ती गोळा केली, तेव्हा जमना तिच्याबरोबर मचाणावर होती. ताई चुलीपाशी बसून लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, तेव्हाही जमना शेजारीच होती.

"चल, दुपारची गाडी आहे," ललिता म्हणाली. ती आपला चित्रफलक गुंडाळत होती. आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचीच जमनाला भीती वाटली.

"पण तू लिहिलंयस ना?"

"मी लिहिलंय. ते इथे कुणाला सिद्ध करून दाखवू? नियम आहे, लाल नाव आलं की निबंध बाद. आणि तीन वर्षं संशोधनाला प्रवेश नाही."

"मग तीन वर्षांनी?"

"तीन वर्षांनी कोण परत येतं, जमू."

जमना खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. पाणी प्यायला गेली आणि न पिताच परत आली. एका जागी पाय ठरत नव्हते. शेवटी ती सरळ पारखीसमोर जाऊन उभी राहिली.

"तू चुकतोस का?" तिने विचारलं.

"चुकतो," पारखी म्हणाला. "शंभर निबंध दिले तर साधारण पंच्याण्णव वेळा बरोबर सांगतो, पाच वेळा चूक. हे मी सर्वांना सांगितलेलं आहे."

"मग माझ्या ताईच्या वेळी तू चुकलास."

"शक्य आहे. पण कोणत्या वेळी चुकलो हे मला आतून कळत नाही. कळलं असतं तर चुकलोच नसतो."

जमनाला राग यायला हवा होता, पण आला नाही. यंत्र निदान आडपडदा न ठेवता बोलत होतं. "तुला तिचा संशय का आला?"

"वाक्यं सारख्या लांबीची आहेत. व्याकरण अतिशय नेटकं आहे. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज सहज बांधता येतो. लिहिणारी यंत्रं असंच लिहितात."

"ताई मराठी पुस्तकातून शिकली. आश्रमशाळेत. आमच्या घरी पावरी बोलतात. पुस्तकातून शिकलं की तसंच येणार ना लिहायला?"

"ही माहिती मला कुणी दिली नव्हती," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलामागे बसलेला एक दाढीवाला मुलगा हे सगळं ऐकत होता. त्याचं नाव इम्रान पिंजारी. तो संख्याशास्त्र (आकडे गोळा करून त्यांवरून अंदाज बांधण्याचं शास्त्र) शिकत होता, आणि सकाळपासून त्याच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"इकडे ये," तो म्हणाला. "पंच्याण्णव टक्के बरोबर म्हणजे काय वाटतं तुला?"

"म्हणजे शंभर लाल नावांतली पंच्याण्णव खरोखरच लबाड."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मघाशी मलाही वाटलं होतं. पण मग फलकाकडे बघितलं आणि चैन पडेना." त्याने आलेखाचा एक मोठा कागद पसरला आणि त्यावर एक हजार चौकोनांची चौकट आखली. "हे हजार निबंध. समज, एकानेही लबाडी केलेली नाही. सगळे प्रामाणिक. पारखी शंभरात पाच वेळा चुकतो. मग हजारात किती वेळा?"

"पन्नास."

"लाल पेन घे. पन्नास चौकोन रंगव."

जमनाने रंगवले. रंगवताना तिचा हात हळूहळू मंदावत गेला. "म्हणजे कुणीच लबाडी केली नसती, तरी पन्नास नावं लाल झाली असती?"

"झाली असती. याला खोटा इशारा म्हणतात (नसलेली गोष्ट आहे असं यंत्राने सांगणं). आता खरोखर वीस जण लबाड आहेत असं धर. वीसच का, तर त्याने बेरीज जुळते, दुसरं कारण नाही. विसांतले एकोणीस पारखी पकडेल. उरलेले नऊशे ऐंशी प्रामाणिक. त्यांतल्या दर शंभरामागे पाच, म्हणजे एकोणपन्नास जण उगाचच लाल. एकोणीस आणि एकोणपन्नास?"

"अडुसष्ट," जमना म्हणाली. तिने फलकाकडे पाहिलं. "फलकावरही अडुसष्टच आहेत."

"आणि त्यांतले लबाड फक्त एकोणीस."

जमना कागदाकडे बघत राहिली. पारखी खोटं बोलत नव्हता. लोकांनी एक प्रश्न विचारला होता आणि दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ते ऐकलं होतं. प्रामाणिक माणसांपैकी किती जण चुकून लाल होतात, हा एक प्रश्न. लाल झालेल्यांपैकी किती जण प्रामाणिक आहेत, हा अगदी वेगळा प्रश्न. लबाड थोडे आणि प्रामाणिक पुष्कळ असले, की पुष्कळांतली थोडीशी चूकसुद्धा थोड्यांना झाकून टाकते.

"हे मेळ्याच्या मॅडमना सांगा ना," ती म्हणाली.

"सांगेन. पण वीस हा माझा अंदाज आहे. अंदाजावर त्या नियम बदलतील का?" इम्रान कान खाजवत म्हणाला. "प्रामाणिक असल्याची खात्री आहे असे निबंध हवेत. त्यांवर पारखीला तपासून बघता आलं, तर बोलता येईल. पण खात्री कुणाची देणार?"

जमना टेबलाभोवती फिरू लागली. दोन फेऱ्या झाल्या. मग थांबली.

"लिहिणारी यंत्रं कधीपासून आली?"

"माझ्या जन्माच्या आसपास."

"मग त्याआधी मुलं निबंध लिहितच नव्हती का?"

इम्रान ताडकन उठला. "ग्रंथालयात जुने निबंध असतील!"

ललिता बॅगेची चेन लावत होती. जमनाने सांगितलेलं तिने नीट ऐकलं, पण खांद्यावरची बॅग उतरवली नाही. "तुम्ही करा," ती म्हणाली. "मी इथेच आहे, गाडी येईपर्यंत."

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर इम्रानला त्याची मैत्रीण वसुधा सोनवणे भेटली. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचं स्वतःचं नाव फलकावर काळ्याच अक्षरात होतं. तरी सगळं ऐकल्यावर तिने तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला.

"बाजू न ऐकता शिक्षा," ती म्हणाली. "मी पहिल्या वर्षापासून शिकतेय की असं करता येत नाही. आणि आज सकाळी तो फलक बघून मी पुढे गेले. माझं नाव नाही ना, एवढंच पाहिलं." मग ती ग्रंथपालांशी बोलायला गेली, आणि तिने, इम्रानने आणि जमनाने मिळून यंत्रांच्या आधीच्या काळातले शंभर विद्यार्थी-निबंध कपाटातून काढले. हाताने लिहिलेले, टंकलेखन केलेले, पिवळे पडलेले. निवडायचे नाहीत, हाताला येतील तसे घ्यायचे, असं इम्रानने बजावलं होतं. निवडले तर आपल्याला हवं ते उत्तर आपण नकळत आणू.

मेळ्याच्या प्रमुख डॉ. देवरे मॅडम आधी कंटाळूनच आल्या. "यंत्र पंच्याण्णव टक्के अचूक आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम," वसुधा म्हणाली. "आम्ही ते नाकारत नाही. फक्त एकदा बघा."

पारखीने शंभर निबंध वाचले. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर सहा नावं लाल झाली.

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक निबंध त्यांच्या जन्माआधीचा होता. "हे यंत्राने लिहिलं असं म्हणतोस?" त्यांनी पारखीला विचारलं.

"मला तसा संशय येतो, असं म्हणतो. संशय चुकीचा आहे हे या वेळी आपल्याला बाहेरून माहीत आहे."

तेवढ्यात मागून एक हात पुढे आला आणि त्या सहा निबंधांतला एक उचलला. ललिता केव्हा आत आली हे कुणाला कळलं नव्हतं. तिने पहिलं पान वाचलं, मग दुसरा निबंध, मग तिसरा.

"हा मुलगा सीमेपलीकडच्या गावचा आहे," ती म्हणाली. "ही मुलगी घरी अहिराणी बोलणारी. तिने प्रस्तावनेत लिहिलंय. दोघांचीही वाक्यं माझ्यासारखीच आहेत. नेटकी. चूक होऊ नये म्हणून घाबरून लिहिलेली."

"म्हणजे पारखी अशाच मुलांना जास्त पकडतो," जमना म्हणाली.

"थांब," इम्रान म्हणाला. "सहांत दोघं. एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. शंका मात्र रास्त आहे, आणि ती तपासायला हजारो निबंध लागतील."

देवरे मॅडमनी ते सहा निबंध पुन्हा चाळले. मग त्यांनी फलक बंद करायला सांगितला. एकही निबंध बाद होणार नव्हता. ज्यांची नावं लाल झाली, त्या प्रत्येकाला समोर बसवून त्याच्या कामाबद्दल विचारायचं ठरलं. पारखी फक्त कुणाला विचारायचं ते सांगेल. ठरवतील माणसं, तीही ऐकून घेतल्यावर.

ललिताची पाळी आली तेव्हा जमना दाराबाहेर येरझाऱ्या घालत होती. आत पहिल्यांदा ताईचा आवाज अडखळला. मग मॅडमनी एखादं कोडं सांगायला सांगितलं. ललिताने ते पावरीत सांगितलं, त्याचा मराठीत अर्थ सांगितला, मग ते मचाणावरच का विचारतात आणि घरात का नाही, हे सांगू लागली. सांगता सांगता तिची वाक्यं लांबत गेली, वाकडीतिकडी झाली, मध्येच तुटली आणि पुन्हा जोडली गेली. दुपारची गाडी केव्हाच निघून गेली होती.

दोन दिवस मुलाखती चालल्या. अडुसष्टांपैकी सतरा जणांनी लिहून घेतल्याचं कबूल केलं. तिघांबद्दल काहीच ठरवता आलं नाही. बाकीचे सुटले, ललिताही. ते तिघं जमनाच्या डोक्यातून जाईनात. "त्यांचं काय?" तिने परत परत विचारलं. "ठरत नाही, तोवर दोषी धरायचं नाही," वसुधा म्हणाली. जमनाला हे पटलं, पण चुटपुट लागून राहिली.

जाण्याआधी ललिता, इम्रान आणि वसुधा यांनी एक नवा विषय नोंदवला. पुस्तकातून भाषा शिकलेल्यांचं लिखाण पारखीसारख्यांना यंत्राने लिहिलेलं का वाटतं? भाषेची बाजू ललिता बघणार, आकडे इम्रान, आणि न्यायाचा प्रश्न वसुधा. उत्तर त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या महिन्यात पाड्यावर आरोग्य पथक आलं. तान्ह्या बाळांच्या छातीवर टेकवायचं एक नवं यंत्र त्यांच्याकडे होतं. हृदयाचा एक दुर्मीळ आजार ते ठोक्यांवरून ओळखायचं. सायजाकाकीच्या बाळापाशी ते वाजलं. काकी बाळाला छातीशी आवळून खाली बसली. बायका डोळे पुसू लागल्या. कुणी म्हणालं, यंत्र चुकत नाही. कुणी म्हणालं, यंत्रांचं काही खरं नाही, घरी चल.

जमना गर्दीतून पुढे गेली. "हा आजार हजारांत किती बाळांना असतो?" तिने नर्सताईंना विचारलं.

नर्सताई चकित झाल्या. "एखाद्यालाच."

"आणि हजार बाळं तपासली तर यंत्र किती वेळा वाजतं?"

"वीस-पंचवीस वेळा तरी. म्हणून तर दुसरी तपासणी करतो, धडगावला."

जमना काकीजवळ उकिडवी बसली. "काकी, यंत्र वाजलं म्हणजे आजार आहेच असं नाही. वीस बाळांपाशी वाजतं, तेव्हा एखाद्यालाच आजार असतो. पण तो एक कोण, हे इथे बसून कुणालाच कळत नाही. म्हणून जायचं. रडायचंही नाही आणि टाळायचंही नाही. आजच जायचं."

काकीने तिच्याकडे पाहिलं. "तू येतेस?"

जीप सुरू झाली होती. जमना काकीच्या शेजारी चढून बसली आणि ऊन लागू नये म्हणून बाळाच्या डोक्यावर हात धरला.